रॉयल पायथनचं ‘स्टार्टर किट’: पेटी ठेवा, लाल बल्ब परत करा

रॉयल पायथन ह्या जातीचा अजगर पाळायच्या सामानाच्या तयार किटला माझ्याकडून पाचपैकी अडीच तारे. दोन लाकडी पेटीचे, अर्धा पाण्याच्या जड भांड्याचा. बाकीचं सामान पेटीबाहेर उभं राहून बघणाऱ्या माणसाला आवडेल अशा बेताने भरलंय. आत राहणाऱ्याला काय दिसतं, काय जाणवतं, याचा विचार फारसा कुणी केलेला दिसत नाही. दुकानाचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने अशीच किट्स इंग्लंडात सगळीकडे मिळतात. आमच्या मराठी मंडळातल्या एकदोन आयांनी “मुलगा साप मागतोय गं, काय काय घ्यावं लागतं?” असं विचारलं, मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझी मतं कुठून येतात ते आधी सांगते. मी सांगलीची, आता लेस्टरमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, हा धंदा. लेक चौदा वर्षांची. तिने हट्टाने रॉयल पायथन आणवला. अमेरिकेत ह्यालाच बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा गोळा करून बसतो. लेकीने नाव ठेवलंय लाडू. मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिका: घाना, टोगो, बेनिन. दिवसा उंदरांच्या बिळांत, वारुळांत पडून राहायचं आणि रात्री बाहेर पडायचं, असा त्याचा दिनक्रम. बिनविषारी. ब्रिटनमध्ये पाळायला परवाना लागत नाही, पण 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यामुळे त्याच्या गरजा भागवणं मालकाला बंधनकारक आहे. आयुष्य वीस-तीस वर्षं सहज. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका म्हातारीने 2020 साली, साठी ओलांडल्यावर, अंडी घातली होती! लेक युनिव्हर्सिटीत गेली की लाडू आमच्याच गळ्यात पडणार, हे धरूनच चाललोय.

किटमध्ये काय येतं: चार फुटी लाकडी पेटी, पुढे सरकत्या काचा. लाल बल्ब आणि होल्डर. हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी विजेची चटई. भिंतीला चिकटवायचे दोन गोल काट्याचे मीटर, एक तापमानाचा, एक आर्द्रतेचा. पांढऱ्या एलईडीची पट्टी. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला अर्धा ओंडका. प्लास्टिकच्या वेली. पाण्याचं भांडं. सालीच्या तुकड्यांची पिशवी. आणि एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका. अडीचशे पौंडांच्या घरात जातं सगळं, साप वेगळा.

लाल बल्ब माझ्या धंद्यातला विषय, म्हणून तोच आधी घेते. खोक्यावर लिहिलंय: रात्री लावा, सापाला लाल उजेड दिसत नाही. दुकानातल्या पोरानेही तेच पाठ म्हणून दाखवलं. आता रॉयल पायथनच्या डोळ्याचा पडदा कुणी तपासलाच नसता तर गोष्ट वेगळी होती. पण तो तपासला गेलाय आणि त्याचे आकडे 1999 सालीच प्रसिद्ध झालेत. त्याच्या दृष्टिपटलात भरणा दंडपेशींचा, म्हणजे अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींचा. त्या 494 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सगळ्यात तल्लख. शंकुपेशी, म्हणजे रंग ओळखायच्या कामाच्या पेशी, थोड्या आणि दोनच जातींच्या. एकीचं शिखर 360 ला, म्हणजे अतिनील, जे आपल्याला दिसतच नाही. दुसरीचं 551 ला.

हा 551 चा आकडा वाचून मी खुर्चीत ताठ बसले. आपल्या डोळ्यात शंकूंच्या तीन जाती असतात आणि त्यातल्या ज्यांना ‘लाल’ शंकू म्हणण्याची पद्धत आहे त्यांचं शिखर 560 च्या आसपास येतं. लाल बल्बचा उजेड आपल्याला जाणवतो तो मुख्यतः ह्याच शंकूंमुळे. मग जवळजवळ तसलाच शंकू बाळगणाऱ्या सापाला तो उजेड मुळीच दिसत नाही, हे कुठल्या हिशोबाने? त्याला तो लाल ‘रंग’ म्हणून कळत नसेल, एवढं मान्य. रंग ओळखायचा तर दोन जातींच्या शंकूंची तुलना करावी लागते, आणि लाल उजेडात त्याचा अतिनील शंकू गप्पच बसणार. पण समोर उजेड आहे हे त्याला कळतं. म्हणजे त्या बिचाऱ्याला रात्र कधी मिळतच नाही. आम्ही तो बल्ब काढून सिरॅमिक हीटर बसवला. तो फक्त तापतो, उजेड अजिबात देत नाही. पूर्वी लाडू मध्यरात्र उलटल्याशिवाय ओंडक्याखालून हलायचा नाही. आता खोलीतला दिवा गेला की थोड्याच वेळात काचेशी हजर.

आणखी एक गोष्ट, आणि ही साधी निष्काळजी आहे: बल्बला जाळी नव्हती. साप उबेसाठी बल्बला विळखा घालतात आणि भाजून घेतात. इतकं भाजेपर्यंत ते दूर का होत नाहीत हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर काही असो, जनावरांच्या डॉक्टरांकडे असे साप नेहमी येतात. जाळी ही वेगळी विकत घ्यायची चैन असू नये.

एलईडीची पट्टी दिवसा छान दिसते. आपल्याला. पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसतंच, तेव्हा लाडूच्या दोन जातींच्या शंकूंपैकी एक दिवसभर बिनकामाचा. निशाचर सापाला यूव्हीबीची, म्हणजे एका प्रकारच्या अतिनील किरणांची, ट्यूब हवी की नको यावर पाळणाऱ्यांमध्ये कडाक्याची भांडणं चालतात. त्यांचा मुद्दा ड जीवनसत्त्वाचा असतो. मी त्यात पडत नाही. मी कमी ताकदीची ट्यूब घेतली ती त्याला त्याचा दिवस पूर्ण दिसावा म्हणून. ट्यूब पेटीच्या अर्ध्या भागावरच आहे, बाकीच्या अर्ध्यात सावली. कुठे बसायचं ते तो ठरवतो. बहुतेक वेळा सावलीत बसतो.

डोळ्यांचं अजून थोडं, मग पुढे जाते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही कातीबरोबर निघतो. कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधाळ होतात; त्या दिवसांत लाडूला धड दिसत नाही, तो चिडका होतो, त्याला हात लावायचा नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचं 2013 चं एक काम मला फार आवडतं: ह्या पारदर्शक खवल्यात रक्तवाहिन्या असतात, आणि धोका जाणवला की साप त्यांच्यातला रक्तप्रवाह आवळून धरतो. दृष्टीच्या आड येणारं रक्त तेवढ्यापुरतं बाजूला. माझ्या एकाही पेशंटला हे जमत नाही.

पेटीतली हवा कोरडी राहिली तर हा खवला डोळ्यावरच चिकटून राहतो आणि पुढच्या कातीला त्यावर दुसरा थर बसतो. म्हणून आर्द्रतेचा मीटर महत्त्वाचा, आणि किटमधला मीटर नेमका कुचकामी निघाला. काटा 60 टक्क्यांवर स्थिर. लेकीने पेटीत फवारा मारला तरी 60, रात्रभर दार उघडं राहिलं तरी 60. वीस पौंडांच्या आत डिजिटल मिळतो, तो घ्या. खवला अडकलाच तर चिमट्याने काढायला जाऊ नका. रोज चिमटे हाताळणारी बाई हे सांगतेय. आर्द्रता वाढवा, पुढच्या कातीची वाट बघा, नाहीतर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

आता काचेचं दार. ह्याबद्दल पुस्तिकेत एक अक्षर नाही, आणि मला तर किटमधली सगळ्यात विचार करायला लावणारी वस्तू हीच वाटली.

लाडूच्या ओठांवर बारीक खळग्यांची रांग आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला जखमा वाटतात. अजगरांमध्ये हे खळगे ओठांवर असतात. रॅटलस्नेकसारख्या सापांत डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एकेक मोठा खळगा असतो, आणि तो अजगराच्या खळग्यांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतो. ह्या खळग्यांनी साप समोरच्या वस्तूतून निघणारी उष्णता लांबूनच टिपतो. 2010 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं प्रथिन शोधून काढलं, टीआरपीए1. (ज्युलियसना 2021 चं नोबेल मिळालं, तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या प्रथिनांच्या एकूण कामासाठी.) गंमत अशी की हेच प्रथिन आपल्याही अंगात आहे, पण आपल्याकडे ते मोहरीचा आणि वसाबीचा झणका ओळखतं. फोडणीत मोहरी जास्त पडली की नाकात जे होतं ना, ते ह्याच्यामुळे. सापांनी तेच प्रथिन उष्णतेच्या कामाला जुंपलं. रॅटलस्नेकमध्ये ते 28 अंश सेल्सिअसच्या आसपास जागं होतं, अजगरात 33 च्या आसपास. खळग्यांतला संदेश जातो चेहऱ्याचा स्पर्श सांगणाऱ्या नसेतून, पण मेंदूत पोचतो तो डोळ्यांचा नकाशा जिथे मांडलेला असतो तिथेच. म्हणून ‘दिसणं’ आणि ‘ऊब लागणं’ ह्या त्याच्यासाठी आपल्याइतक्या वेगळ्या गोष्टी नसाव्यात. ह्याच्यापुढे माझी कल्पना चालत नाही.

बरं, मग काच का महत्त्वाची? साध्या काचेतून डोळ्याला दिसणारा प्रकाश आरपार जातो, पण आपल्या अंगातून निघणारी उष्णता, तिची तरंगलांबी 10 मायक्रोमीटरच्या आसपास, काचेतून जात नाही. लेक दारासमोर बसून अभ्यास करते तेव्हा लाडूला तिची आकृती दिसते, हलणं दिसतं. तिची ऊब नाही, तिचा वास नाही. आणि मग ती अचानक काच सरकवते. एका क्षणात समोर सदतीस अंशांचं, वास येणारं, हात पुढे करणारं काहीतरी उभं राहतं. सापाने त्या क्षणी दचकून झेप घेतली तर आपण म्हणतो, “बघ, भरवसा नाही.” पुस्तिका म्हणते, “सावकाश हात घाला.” सावकाश नाही, उशिरा घाला. काच सरकवा आणि तिथेच थांबा. त्याला जीभ काढू दे, हवा तपासू दे. हात वरून कधीच नाही, कारण बिळाबाहेर त्याच्यावर झडप घालणारे शत्रू वरून येतात. बाजूने, अंगाच्या मध्यापाशी. आम्ही असं करायला लागल्यापासून लाडू हातात येताना गोळा होत नाही.

तापमानाच्या काट्याचीही हीच रड. तो पेटीच्या भिंतीला चिकटवायचा, म्हणजे भिंतीजवळच्या हवेचं तापमान कळणार. साप भिंतीवर राहत नाही. त्याला उबेची जागा 31 ते 33 अंशांची आणि दुसऱ्या टोकाला 25 च्या आसपासचा गारवा लागतो, आणि दोन्ही मोजायचे ते जिथे त्याचं अंग टेकतं तिथे. नवऱ्याने एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, पिस्तुलासारखा, कळ दाबली की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो. लाडूचे ओठ जे वाचतात त्याच प्रकारची किरणं तोही वाचतो. त्याने हीट मॅटवरची साल मोजली तर एका कोपऱ्यात 41 निघाले! मॅटबरोबर आलेला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ताब्यात ठेवणारं यंत्र, नुसता चालू-बंद करणारा, आणि त्याची तापमान मोजणारी तार कुठे ठेवायची हे पुस्तिकेत दिलेलंच नव्हतं. मॅट काढून टाकली. सिरॅमिक हीटर वरून, जाळीत, चांगल्या थर्मोस्टॅटवर. आफ्रिकेतही ऊन वरूनच येतं.

खाण्याचा विषय आमच्या घरात नाजूक. आई पुण्यामुंबईच्या लेकीसुनांना सांगते की सुप्रियाने... जाऊ दे, काय सांगते ते इथे लिहिण्यासारखं नाही. गोठवलेले उंदीर ठेवायला गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घेतलाय, तो खर्च तुमच्या हिशोबात आधीच धरा. आणि किटमध्ये लांब चिमटा नाही. हा माझा सर्वांत मोठा आक्षेप म्हणा हवं तर, कारण चिमट्याशिवाय पहिल्याच दिवशी चावा ठरलेला. साप चवताळलेला नसतो. त्याला उंदराचा वास येतोय आणि उंदराशेजारी त्याच्याहून गरम अशी पाच बोटं आहेत. खळगे बोटांकडेच बोट दाखवणार.

पद्धत अशी: उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये हळूहळू सुटू द्यायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, कोरडा करायचा. मायक्रोवेव्ह चुकूनही नाही, आतून शिजतो आणि फुटतो. डोकं बाकीच्या अंगापेक्षा जरा जास्त गरम ठेवायचं. रॉयल पायथन नाटकी जेवणारा म्हणून बदनाम आहे, आठवडेच्या आठवडे उपास करतो. लाडूही करायचा. दुकानातल्या एका वयस्क बाईंनी सांगितलं, “गार बाजूला दाखवून बघा.” बघितलं, आणि घेतला. माझा तर्क असा की गरम बाजूला आजूबाजूची सालच तीस-बत्तीस अंशांची, तिथे गरम उंदीर उठून दिसत नसणार; गार बाजूला तो लख्ख. दुसरं म्हणजे आम्ही खाणं आता दिवा घालवून देतो.

जिभेबद्दल पुस्तिकेत एक बरी ओळ आहे, “साप जिभेने वास घेतो.” थोडं पुढे सांगते. जीभ हवेतले, जमिनीवरचे कण उचलते आणि तोंडात नेते. वास ओळखणारं इंद्रिय टाळूत असतं, दोन छिद्रांच्या आत. डेन्मार्कच्या लुडविग याकोबसनने 1813 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव त्याला लागलं. जीभ दुभंगलेली का, ह्याचं पटण्यासारखं उत्तर कर्ट श्वेंक यांनी 1994 मध्ये मांडलं: दोन टोकं दोन जागचे नमुने एकाच वेळी उचलतात, उजवीकडे वास जास्त की डावीकडे हे तिथल्या तिथे कळतं, आणि साप माग सोडत नाही. वरच्या ओठाच्या मध्यात एक खाच असते, तिच्यातून जीभ बाहेर येते, तोंड उघडावं लागत नाही.

घरात ह्याचा अर्थ काय? लाडूची पेटी आधी दिवाणखान्यात, म्हणजे आमच्या उघड्या स्वयंपाकघराच्या बाजूला होती. फोडणी, तळलेले बोंबील, संध्याकाळची उदबत्ती, लेकीचा डिओ. एवढ्या गर्दीत तो कशाचा माग काढणार होता देव जाणे. बहुतेक वेळ ओंडक्याखाली तोंड खुपसून बसायचा. आता पेटी लेकीच्या खोलीत आहे, उदबत्ती बंद दाराबाहेर, आणि त्याला घ्यायच्या आधी हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे. पेटी पुसायला लिंबाच्या वासाचं काही नको. किटमधली साल बरी आहे, धूळ कमी. देवदारची मात्र कधी घेऊ नका, तिच्यातली तेलं सापांना बाधतात.

ओंडका फोटोत झकास दिसतो. सापासाठी निरुपयोगी. दोन्ही बाजूंनी उघडा आणि त्याच्या दुप्पट रुंद. वारुळात राहणाऱ्या प्राण्याला पाठीला, कुशीला, सगळीकडून काहीतरी टेकलेलं लागतं. तेवढं मिळालं की तो निवांत होतो. एकाच तोंडाची काळी प्लास्टिकची अंधारी गुहा, जेमतेम मावेल एवढी, दोन नग: एक गरम बाजूला, एक गार बाजूला. एकच ठेवली तर उबेसाठी लपणं सोडायचं की लपण्यासाठी ऊब, असा पेच त्याच्यापुढे पडतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी हीच.

मग कान. पुस्तिका ठामपणे म्हणते, “सापांना ऐकू येत नाही, त्यामुळे घरातल्या आवाजाचा त्रास नाही.” बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही, हे खरं. पण आतला कान आहे आणि तो जबड्याच्या हाडाला जोडलेला आहे. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या लोकांनी 2012 मध्ये रॉयल पायथनच निवडला, आणि दिसलं की त्याला 80 ते 160 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत चांगलं कळतं: जमिनीची थरथर फार छान, हवेतला आवाज त्यामानाने कमी, आणि तोही कवटी थरथरते म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये 2023 साली वेगवेगळ्या जातींच्या 19 सापांना आवाज ऐकवले तेव्हाही साप हवेतल्या आवाजाने हलले. काही जाती लांब पळाल्या, वोमा अजगर उलट आवाजाकडे सरकले.

आमच्याकडे ह्याची चाचणी रोज व्हायची. नवरा तबला वाजवतो, रविवारी जरा जास्तच. उजव्या हाताच्या तबल्याने लाडूला काही फरक पडायचा नाही. डग्गा घुमला की मात्र जीभ आत, मान स्थिर, बराच वेळ तसाच. डग्ग्याचा घुमारा त्याच्या ऐकण्याच्या पट्ट्यात बसतो, आणि लाकडी जमिनीतून तो थेट पेटीच्या पायांपर्यंत पोचायचा. पेटीखाली जाड फोमच्या दोन पट्ट्या टाकल्या आणि रियाज खालच्या मजल्यावर गेला. वॉशिंग मशीन, वूफर, जिन्याशेजारची भिंत: पेटी ह्यांच्यापासून लांब.

आईचं माहेर शिराळ्याकडचं. कोर्टाच्या आदेशानंतर तिथल्या जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, पण तिने लहानपणी सगळं बघितलंय, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर तिची उलटतपासणी चालते. “अगं, पुंगीवर नाग डोलतो तो मग काय?” म्हटलं, “आई, गारुडी स्वतः डोलतो ते बघ, पुंगी हलते तिकडे नागाची नजर असते.” त्यावर ती म्हणाली, “ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या सापाला नाचता येतं का एवढंच विचारलं.”

दुकानाला एका गोष्टीचं श्रेय द्यायलाच हवं. लेकीला आधी ‘स्पायडर’ मॉर्फ हवा होता, म्हणजे ह्याच जातीचा, पण अंगावर जाळीसारखी नक्षी असलेला प्रकार. त्याच वयस्क बाईंनी तो विकत नसल्याचं सांगितलं. ह्या मॉर्फची डोकी डुलतात, काहींना नेम धरून उंदीर पकडता येत नाही, काही उलटे होऊन पडतात. आतल्या कानाचे, तोल सांभाळणारे भागच वेडेवाकडे घडलेले असतात. 2022 मध्ये स्कॅन करून ते दाखवलंही गेलंय. नक्षी आणि दोष एकाच जनुकाचे, वेगळे करता येत नाहीत. कुणी “याला थोडंसंच डुलणं आहे” म्हणून विकत असेल तर दुकान बदला.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं इंग्लंडचं आहे. आपल्याकडे देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो धामण असो वा अजगर. रॉयल पायथन परदेशी असला तरी साइट्स (CITES) ह्या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि असे प्राणी जवळ असतील तर 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घरात साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा, पेटी आणायला जाऊ नका.

तर खरेदी अशी करा. पेटी सुटी घ्या, चार फुटी, लाडू अजून लहान असला तरी चारच. त्याला पूर्ण लांब पसरता आलं पाहिजे. सिरॅमिक हीटर, जाळी, चांगला थर्मोस्टॅट, दोन डिजिटल मीटर, दोन अंधाऱ्या गुहा, लांब चिमटा, कमी ताकदीची यूव्ही ट्यूब. बेरीज किटपेक्षा थोडी जास्त होते, पण किट घेऊन अर्धं फेकण्यापेक्षा कमी. किट घेतलंच असेल तर बल्ब, मॅट आणि काट्याचे मीटर न वापरता परत न्या. आम्ही मॅट आणि मीटर बदलून मागितले, तेवढ्या पैशांत हीटरची जाळी आणि एक गुहा मिळाली. प्लास्टिकच्या वेली घ्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. त्या आता माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात आहेत.